पेशंट स्टेबल आहे, पण घरी जाण्याजोगा नाही

“पेशंट आता स्टेबल आहे, उद्या डिस्चार्ज देऊ.” हे ऐकून घरच्यांना आधी हायसं वाटतं आणि तासाभरात घाम फुटतो. स्टेबल म्हणजे बीपी, शुगर, ऑक्सिजन जागेवर आले, जिवावरचं टळलं. पण माणूस अजून स्वतःहून कुशीवर वळत नाही, लघवीला नळी आहे, नाकात अन्न द्यायची राईल्स ट्यूब आहे, उजवा हात ठेवू तिथे पडून राहतो. असा माणूस बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर न्यायचा कसा आणि नेल्यावर करायचं काय, हे डिस्चार्ज कार्डावर नसतं. तिथे गोळ्यांची यादी असते आणि तळाशी एक ओळ: फिजिओथेरपी चालू ठेवावी.

ही ओळ आणि घर यांच्यामध्ये एक मुक्काम असू शकतो, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊकच नसतं. पुनर्वसन वॉर्डात किंवा रिहॅब सेंटरमध्ये काही आठवडे भरती व्हायचं, रोज काही तास थेरपी घ्यायची आणि रोजची कामं पुन्हा शिकून मग घरी जायचं, असा हा प्रकार. (रिहॅब म्हटलं की लोकांना व्यसनमुक्ती केंद्र आठवतं, ते वेगळं.) मणक्याला मार लागलेले, अपघातात डोक्याला इजा झालेले, पाय कापावा लागलेले, खुब्याचं हाड मोडलेले असे अनेक जण इथे येतात. मी पक्षाघाताबद्दल लिहितोय, कारण आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात लकव्याचा एक तरी पेशंट निघतोच.

बोलण्यापुरते एक काका धरू. बार्शीचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, वय ६७. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, त्यामुळे शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणंही अडकलं. सोबत काकू आहेत, पुण्यात नोकरी करणारा मुलगा आहे आणि सांगलीला दिलेली मुलगी आहे. हे कुटुंब काल्पनिक आहे. त्यांच्यासमोरचे प्रश्न मात्र अशा कुठल्याही वॉर्डात रोज दिसतात.

मेंदू नक्की काय शिकतो

गुठळीमुळे मेंदूचा जो भाग रक्तावाचून मेला तो परत जिवंत होत नाही, हे आधी स्पष्ट असलेलं बरं. त्याच्या आजूबाजूच्या पेशी मात्र सुजेने, धक्क्याने गप्प झालेल्या असतात. त्यांतल्या काही पहिल्या दिवसांत, आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात. शिवाय मेंदूचे शाबूत भाग मेलेल्या भागाचं काम थोडंथोडं उचलू लागतात. घाटात दरड कोसळली की काकांची एसटी फेरा घेऊन आडरस्त्याने जायची, तसंच काहीसं. फरक एवढाच की मेंदूत तो आडरस्ता आधी तयार नसतो, पेशंटने तीच हालचाल शेकडो वेळा केल्यावर तो तुडवला जातो.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. सहा महिन्यांपर्यंत तो हळूहळू कमी होत जातो. त्यानंतरही सुधारणा होते, विशेषतः बोलण्यात, पण तितक्याच फळासाठी कष्ट जास्त पडतात. म्हणून सुरुवातीचे आठवडे मोलाचे. याचा अर्थ पहिल्याच दिवशी पेशंटला धरून चालवायचं, असा मात्र नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अॅव्हर्ट’ या चाचणीत ५ देशांतले २,१०४ पेशंट होते. ज्यांना २४ तासांच्या आत उठवून वारंवार, जास्त प्रमाणात हालचाल करायला लावली, त्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या सावकाश पद्धतीने उठवलेल्यांपेक्षा थोडी वाईट निघाली. तेव्हा कधी सुरू करायचं हे डॉक्टरांना ठरवू द्यावं. एकदा त्यांनी हिरवा कंदील दाखवला की दिवस वाया घालवू नयेत.

आणि दिवस वाया जातात ते बहुतेक याच काळात. कुणी कबुतराचं सुचवतं, कुणी अमुक गावच्या लकव्याच्या औषधाचं, कुणी मालिशवाला पाठवतं. मालिशने अंग हलकं वाटतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मालिश करताना हात हलवणारा मालिशवाला असतो आणि पेशंटचा मेंदू आरामात पडून असतो. त्यातून मेंदू काहीच शिकत नाही.

तीन तासांची शाळा

अमेरिकेत सरकारी विम्यावर, म्हणजे मेडिकेअरवर, अशा वॉर्डात भरती व्हायचं तर पेशंट साधारणपणे आठवड्यातले ५ दिवस, रोज ३ तास थेरपी झेपवू शकेल अशी अपेक्षा असते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०२३च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पक्षाघातानंतर रोज किमान ३ तास, आठवड्यातून किमान ५ दिवस थेरपी द्यावी असं म्हटलं आहे. आपल्याकडे घरी येणारा फिजिओ अर्धा-पाऊण तास असतो, तोही चांगला असला तर. आकडा डोळ्यांसमोर ठेवला की कळतं, आपण औषधाचा केवढा कमी डोस घेतोय ते.

या तीन तासांत एकटा फिजिओच असतो असं नाही. फिजिओथेरपिस्ट बसणं, उभं राहणं, तोल, चालणं पाहतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट पाहतात की त्या हातापायांनी माणूस जेवतो कसा, सदरा घालतो कसा, मोरीत जातो कसा. स्पीच थेरपिस्ट बोलण्याइतकंच गिळण्याकडे लक्ष देतात. सिस्टर दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीची नळी काढून वेळेवर जायची सवय लावणं, अंगाला पडू पाहणारे चट्टे शोधणं ही कामं करतात. या सगळ्यांच्या वर पुनर्वसनशास्त्राचे, म्हणजे पीएमआरचे, डॉक्टर असतात. अनेक ठिकाणी मानसतज्ज्ञ आणि समाजसेवकही असतात.

यांतलं ऑक्युपेशनल थेरपी हे नाव ऐकून लोक बुचकळ्यात पडतात. खरं तर या विद्येशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केली. या मूळच्या अमेरिकन बाई, लग्न करून निंबकर झाल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. केईएम, नायर, सायन आणि नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून आजही हे शिक्षण दिलं जातं. तरी पेशंटच्या नातेवाइकांना “ओटी” म्हटलं की ऑपरेशन थिएटरच आठवतं!

माणसाला आराम देत पडू द्यायचं नाही, कामाला लावायचं, ही कल्पना युद्धातून आली. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मॅंडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमान यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. तोवर असे पेशंट बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) आणि लघवीच्या संसर्गाने दगावायचे. गुटमान यांनी दर दोन तासांनी कूस बदलायची सक्ती केली, सैनिकांना काम दिलं, खेळायला लावलं. १९४८ साली त्यांनी १६ पेशंटची धनुर्विद्या स्पर्धा भरवली, त्याचंच पुढे पॅरालिम्पिक झालं. त्याच पॅरालिम्पिकमध्ये १९७२ साली हायडेलबर्गला १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं. जखमी जवानांसाठी खडकीला १९७४पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. सैन्याला हे लवकर उमजलं. नागरी दवाखान्यांत अजून धडपडच चालू आहे.

काकांच्या खाटेवर अडकवलेल्या फाइलमध्ये एक तक्ता असतो, बार्थेल इंडेक्स नावाचा. १९६५ साली अमेरिकेत मेरीलँडमध्ये तो तयार झाला. जेवण, अंघोळ, दात-दाढी-केस, कपडे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडास वापरणं, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं, जिना चढणं अशा दहा गोष्टी, मिळून १०० गुण. पलंगावरून खुर्चीत जाण्याला आणि चालण्याला प्रत्येकी १५ गुण आहेत, अंघोळीला ५. हाताची ताकद किती वाढली हे या तक्त्यात कुठेच विचारलेलं नाही. माणसाला दुसऱ्याची मदत किती लागते, एवढंच त्यात पाहतात. सुरुवातीला २० गुण असलेला पेशंट ६०वर आला तर घरच्यांना हात अजून लुळाच दिसत असतो आणि ते हिरमुसतात. टीमच्या दृष्टीने मात्र तो पेशंट घरी जाण्याजोगा होत आलेला असतो. भरती झाल्यावर आठवड्याला हे गुण विचारत राहा. “कसे आहेत?” या प्रश्नाला “छान, इम्प्रूव्हमेंट आहे” यापलीकडे उत्तर मिळत नाही, आकडा विचारला की मिळतं.

पेशंटच्या बाजूने पाहिलं तर

काकांनी ३० वर्षं खच्चून भरलेल्या गाडीत, चालत्या बसमध्ये, तोल सांभाळत तिकिटं फाडली. आता त्यांना पलंगाच्या कडेला नुसतं बसायला दोन माणसं लागतात, आणि बसले की ते उजवीकडे कलंडतात. मुलीच्या वयाची फिजिओ म्हणते, “काका, समोरच्या आरशात बघा, सरळ बसा.” काकांना वाटतं, मी सरळच बसलोय. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण स्वतःच्या शरीराबद्दलची आपली खात्रीच चुकीची निघणं फार घाबरवणारं असतं.

थकवा हा दुसरा न दिसणारा शत्रू. वीस मिनिटं बसण्याचा सराव केला की काका तासभर झोपतात. नातेवाइकांना वाटतं आळस आहे, मनच नाही त्यांचं. पक्षाघातानंतरचा थकवा हा आजाराचाच भाग आहे, विश्रांतीनेही तो पुरता जात नाही. म्हणूनच चांगल्या वॉर्डात थेरपीचे तास दिवसभरात तुकड्यांनी पसरलेले असतात आणि भेटायला येणाऱ्यांच्या वेळा थेरपीच्या आड येऊ देत नाहीत. गावाहून जीप करून आलेले बारा जण सकाळी अकरा वाजता खाटेभोवती उभे राहिले की काकांचा ओटीचा तास बुडतो. तोंडावर नाही म्हणता येत नाही, हे मान्य. पण मुलाने आधीच फोन करून “संध्याकाळी सहानंतर या, दोघं-तिघंच या” एवढं सांगून ठेवावं.

मग रडणं. काका कशानेही रडतात. नातवाचा फोटो दाखवला तर रडतात, चहा आला तरी रडतात, कधी भलत्याच वेळी हसू आवरत नाही. मेंदूतला भावनांवरचा लगाम सैल झाल्याने असं होतं, त्यामागे दर वेळी तेवढं दुःख असतंच असं नाही. विषय बदलला की बहुतेकदा थांबतं. मात्र खरं नैराश्यही याच काळात येतं, आणि क्वचित नाही: अभ्यासांमधून साधारण तीनपैकी एका पेशंटला ते आढळतं. जेवण नको, थेरपी नको, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं, “मला कशाला वाचवलंत” असं म्हणायचं. याला “धीर धरा, देवावर विश्वास ठेवा” हे उत्तर पुरत नाही. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधं आहेत. नैराश्यातला माणूस थेरपीत जीव ओतू शकत नाही आणि महत्त्वाचे आठवडे निसटतात.

बोलणं गेलेल्या माणसाचे हाल वेगळेच. काकांना सगळं समजतं, शब्द सापडत नाही. पाणी हवं असतं आणि तोंडून “चावी” निघतं. लोक मग मोठ्याने, लहान बाळाशी बोलावं तसं बोलतात, किंवा त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलतात, जणू काका खोलीत नाहीतच. त्यापेक्षा छोटी वाक्यं बोलावीत, एका वेळी एकच गोष्ट विचारावी, हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारावं आणि मग थांबावं. भरपूर थांबावं. त्यांचं वाक्य आपण पुरं करायची घाई करू नये. एक गंमत मात्र हमखास दिसते. मुलाचं नाव न आठवणारा माणूस आरती अख्खी म्हणतो, एक ते वीस आकडे न अडखळता मोजतो, आणि रागावला की एक सणसणीत शिवीही अस्खलित देतो. तोंडात बसलेली, सुरात बांधलेली भाषा बहुतेकदा शाबूत राहते. याने हुरळून “आता बोलायला लागले” म्हणू नये, पण स्पीच थेरपिस्टला जरूर सांगावं. त्याचा त्यांना उपयोग होतो.

ज्यांना मेंदूच्या उजव्या बाजूचा झटका येतो त्यांच्यातल्या काहींचं उलटं असतं: बोलतात नीट, पण डावीकडचं जग त्यांच्यासाठी संपलेलं असतं. ताटातली उजवीकडची भाजी-आमटी संपवतात आणि डावीकडच्या चटणी-कोशिंबिरीला हातही लावत नाहीत. दिसत नाही असं नाही, तिकडे लक्षच जात नाही. अशा पेशंटशी मुद्दाम डावीकडे बसून बोलायला टीम सांगते.

आणि आपल्या घरांतली एक अडचण परदेशी पुस्तकांत सापडत नाही. काकांचा उजवा हात गेलाय. डाव्या हाताने जेवायचं म्हणजे काय, हे त्यांना आणि काकूंना वेगळं सांगायला नको. वॉर्डात चमचा डाव्या हातात दिला की काका तोंड फिरवतात, आणि सगळ्यांना वाटतं भूक नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट कधी जाड मुठीचा चमचा उजव्या हातात पट्ट्याने बांधून देतात, कधी डाव्या हाताची सवय लावतात, बहुतेकदा दोन्ही. घरात कुणी तरी वडीलधाऱ्याने “चालतं हो, खा त्या हाताने” असं एकदा मोकळेपणी म्हटलं तरी पुष्कळ काम होतं.

सेवा कुठे थांबवायची

सकाळचे साडेनऊ. काका बनियन घालताहेत. डाव्या हाताने बनियन मांडीवर पसरलाय, लुळा उजवा हात त्याच्या भोकात सारायचा आहे, जमत नाही. दोन मिनिटं, तीन मिनिटं. काकूंचा जीव वरखाली होतो.

“अहो, द्या इकडे, मी घालते.”

“काकू, थांबा ना जरा. करताहेत ते,” थेरपिस्ट म्हणते.

“अगं, पण किती वेळ? गार पडतील ते.”

“पंखा बंद करू. पण हात नका लावू.”

या संवादात मला पुनर्वसनातली सगळ्यात अवघड गोष्ट दिसते. आपल्याकडे आजारी माणसावरचं प्रेम त्याचं सगळं हातात देऊन दाखवायचं असतं. घास भरवायचा, तोंड पुसायचं, कूस आपणच बदलायची. आयसीयूतून बाहेर आल्यावरचे काही दिवस ते योग्यही असतं. पण रिहॅब वॉर्डात तीच सेवा पेशंटच्या सरावातून एकेक संधी काढून घेते. बनियनला लागलेली ती बारा मिनिटं हीच त्या तासाची थेरपी होती. काकूंना निर्दय व्हायला कुणी सांगत नाही. त्यांनी तिथेच थांबावं, पण हात मागे ठेवून. आणि नियम शिकून घ्यावा: कपडा घालताना आधी लुळा हात, काढताना लुळा हात शेवटी.

काही गोष्टी मात्र घरच्यांनी शिकल्याच पाहिजेत, नाहीतर प्रेमानेच इजा होते. लुळ्या हाताला धरून पेशंटला कधीही ओढू नये. खांद्याभोवतीचे स्नायू ढिले झालेले असतात, सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्महिने दुखत राहतो. काखेत हात घालून उचलू नये, कमरेला पट्टा बांधून तो धरावा. उचलताना आपली कंबर न वाकवता गुडघे वाकवावेत, कारण काकूंची पाठ गेली तर घरात पेशंट दोन होतील. आणि सर्वांत महत्त्वाचं, गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडातून काही देऊ नये. “घोटभर पाणीच तर देतोय” हे वाक्य फार महागात पडतं. लोकांना वाटतं पातळ पदार्थ गिळायला सोपा, पण गिळणं बिघडलेल्या माणसाला पाणी, चहा हेच सर्वांत अवघड, कारण ते सावरायच्या आत श्वासनलिकेत उतरतं आणि त्यातून न्युमोनिया होतो. एकजीव, दाटसर पदार्थ बऱ्याच जणांना जास्त सुरक्षित ठरतो. तुमच्या पेशंटला काय चालेल हे स्पीच थेरपिस्टनेच ठरवायचं.

मग घरच्यांनी सगळं शिकून घेतलं तर रिहॅब वॉर्डाची गरज काय? हा प्रश्न खर्चाच्या विचाराने मुलगा हमखास विचारतो, आणि तो चुकीचा नाही. याचं उत्तर भारतातच शोधलं गेलं आहे. ‘अटेंड’ नावाच्या चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० पेशंट होते. निम्म्यांच्या नातेवाइकांना पद्धतशीर प्रशिक्षण देऊन घरी पुनर्वसन करायला लावलं, बाकीच्यांना नेहमीची सेवा मिळाली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबित्व सारखंच होतं, ४७ टक्के. २०१७ साली हे निष्कर्ष आले तेव्हा अनेकांची निराशा झाली, कारण थेरपिस्ट कमी असलेल्या देशात हा स्वस्त मार्ग ठरेल अशी आशा होती. याचा अर्थ घरच्यांचं शिकणं फुकट, असा मी लावत नाही. खांदा वाचवणं, बेडसोर टाळणं, पडू न देणं हे त्यांच्याच हातात आहे. पण ज्या काकूंना स्वयंपाक, औषधं, धुणं, रात्रीचं जागरण सगळं आहे, त्यांच्यावर थेरपिस्टचं कामही टाकायचं आणि तेवढंच फळ मागायचं, हे होणारं नाही.

किती बरे होतील?

सगळ्यांना हेच विचारायचं असतं. प्रामाणिक डॉक्टर पहिल्या दिवशी उत्तर देत नाहीत. काही खुणा मात्र बऱ्यापैकी बोलक्या असतात. पहिल्या ७२ तासांत बोटं थोडी तरी उघडता आली आणि खांदा बाजूला उचलता आला, तर सहा महिन्यांनी हाताने काही ना काही काम करता येण्याची शक्यता खूप चांगली. आधाराशिवाय बसता येणं हे पुढे चालता येण्याचं चांगलं लक्षण. पाय साधारणपणे हाताआधी सुधारतो. चालायला लागलेले काका घरी जातात आणि हात मात्र मागे राहतो, हे इतकं नेहमीचं आहे की त्याला कुणाचा निष्काळजीपणा समजू नये.

जायचं कुठे, पैसे कोण देणार

मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही संस्था १९५५पासून आहे. तिथे भरती करून घेण्याची सोय आहे आणि स्प्लिंट, कृत्रिम पाय वगैरे तिथेच बनतात. मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत फिजिओ-ओटीचे विभाग आहेत. खासगी रिहॅब सेंटरं गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यात पुष्कळ निघाली, तिथला महिन्याचा खर्च सहज लाखाच्या पुढे जातो. बार्शीहून यायचं तर नातेवाइकांची राहण्या-खाण्याची सोय हा आणखी एक खर्च.

विम्याकडून फार आशा ठेवू नये. विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांच्या यादीत पाचवा कोड, ‘एक्सक्ल ०५’, विश्रांतीसाठीची भरती, पुनर्वसन आणि तात्पुरती देखभाल यांचा आहे. अंघोळ घालणं, कपडे चढवणं, हिंडवणं-फिरवणं यासाठीची मदत त्यात नाव घेऊन वगळलेली आहे. काकांना नेमकं जे पुन्हा शिकायचंय, तेच! तरी पॉलिसी वाचा. भरतीनंतरचे ६० किंवा ९० दिवसांचे खर्च बऱ्याच पॉलिसींत मिळतात, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी त्यात बसू शकते. डिस्चार्ज कार्डावरच्या त्या तळाच्या ओळीत आठवड्याला किती वेळा, किती आठवडे, हे लिहून मागा.

सेंटर निवडताना इमारत, एसी, यंत्रं यांना भुलू नका. रिहॅबची पाटी लावून प्रत्यक्षात नर्सिंग देणारी, दिवसातून एकदा फिजिओ फिरकणारी ठिकाणं कमी नाहीत. विचारायचं एवढंच: रोज एकास एक थेरपी किती मिनिटं, ती कोण देणार, ओटी आणि स्पीच थेरपिस्ट पूर्णवेळ आहेत का, आठवड्याचं उद्दिष्ट लिहून देता का, आणि आम्ही थेरपीच्या वेळी शेजारी बसलो तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाला जे कपाळाला आठ्या घालतात तिथून मी तरी उठून येईन.

घराची तयारी भरतीच्या पहिल्या आठवड्यापासून

मुलाने बार्शीच्या घराचे फोटो आणि मापं आणून ओटीला द्यावीत. उंबरे किती, संडास भारतीय का कमोडचा, मोरीचं दार किती रुंद, व्हीलचेअर आत जाते का, पलंगाची उंची एवढी आहे का की बसल्यावर काकांचे तळवे जमिनीला टेकतील. भारतीय संडासावर कमोड खुर्ची ठेवता येते. मोरीत पाट किंवा स्टूल नको, पाठीला टेकू असलेली खुर्ची हवी, आणि भिंतीतला लोखंडी बार काकांच्या चालत्या हाताच्या, म्हणजे डाव्या बाजूला. गवंडी नेमका उजवीकडे लावून जातो, म्हणून खडूने खूण करून ठेवावी. दारातली पायपुसणी आणि सतरंज्या उचलून टाकाव्यात. घरात घालायची चप्पल मागे पट्टा असलेली घ्यावी, साधी चप्पल लुळ्या पायातून निसटते आणि काका पडतात.

डिस्चार्जच्या आधी शक्य असेल तर एक रात्र घरी राहून परत यायची परवानगी मागा. वॉर्डात सगळं जमणारे काका घरच्या मोरीत अडकतात ते त्या रात्री कळतं, आणि उरलेल्या दिवसांत नेमका तोच सराव करता येतो. काकूंनीही वॉर्डातल्या शेवटच्या दिवसांत सिस्टर बाजूला उभ्या असताना चोवीस तास सगळं स्वतः करून पाहावं. घरी पोचल्यावर पहिले काही आठवडे काका थोडे मागे जातात, कारण तीन तासांचे एकदम पाऊण तास होतात. त्यासाठी जवळच्या गावातला फिजिओ भरती असतानाच ठरवून ठेवावा आणि वॉर्डातल्या थेरपिस्टशी त्याचं फोनवर बोलणं करून द्यावं.

राहिला रात्रीचा प्रश्न. काकांना दोनदा लघवीला उठावं लागतं, आणि काकू ६२च्या आहेत. ब्यूरोची मावशी ठेवायची, मुलीने महिन्यातले आठ दिवस यायचं, की मुलाने घरून काम मागायचं, हे भांडण डिस्चार्जच्या आदल्या रात्री कॉरिडॉरमध्ये होण्यापेक्षा दोन आठवडे आधी समाजसेवकासमोर बसून झालेलं चांगलं. आणि त्या बैठकीत काकांनाही खुर्चीत बसवून न्यावं. शब्द सापडत नसले तरी मान त्यांना हलवता येते.